चिठ्ठीबाईंचे कागद

चिठ्ठीबाईंनी कोरा कागद कधी वापरला नाही. कुणी नवी वही भेट दिली तर ती शेजारच्या शाळकरी पोरीला देऊन टाकत आणि तिची भरलेली जुनी वही मागून घेत. लग्नपत्रिका, कॅलेंडरची फाडलेली पानं, बाद झालेले हजेरीपट, जे पाठकोरं असेल ते बाईंचं. कात्रीने त्याचे चार बोटं रुंदीचे तुकडे करायचे, सुतळीत ओवायचे आणि ती जुडी कमरेला खोचून बाहेर पडायचं. वाटेत एखादी बाई घुटमळत जवळ आली, पदर तोंडाशी धरून काहीतरी पुटपुटली, की बाई जुडीतला एक तुकडा ओढून काढत आणि दगडावर टेकवून लिहीत, "ही बाई आपल्या मर्जीने आली आहे. कायद्याने हिची एकटीची सही पुरते. अडवू नये." खाली स्वतःची लफ्फेदार सही. म्हणून त्या चिठ्ठीबाई. त्यांचं खरं नाव मतदारयादीत होतं आणि तिथंच राहिलं.

मला त्या भेटल्या दुष्काळाच्या साली. शिरूर अनंतपाळच्या अलीकडे आमचं गाव. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि मी तिथं हजेरी लिहायला होते. आमच्या बौद्धवाड्यात मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी, त्यामुळे माझा तोरा असा की सरकारनं दुष्काळ माझ्या नोकरीसाठीच पाडला आहे. बाई नांदेडच्या. जमीनजुमला असलेल्या शेतकरी घरातल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, शाळेत शिकवत होत्या. दुष्काळी कामावरच्या बायांचे हाल कुणीतरी सांगितले म्हणून रजा काढून बघायला आल्या आणि ती रजा त्यांनी पुढं कधी संपवलीच नाही. पहिल्या दिवशी त्या सरळ आमच्या घरी आल्या नि पाणी मागितलं. आई म्हणाली, "आमच्या घरचं चालतंय व्हय तुमाला?" बाई म्हणाल्या, "चालतंय की." आईनं रांजणात वाकून बघितलं आणि म्हणाली, "तुमाला चालतंय हो, पर हाय कुठं?" दोघी हसत सुटल्या. त्यानंतर बाईंचा मुक्काम आमच्याच घरी पडला.

गर्भपाताचा कायदा तेव्हा अगदी नवा होता. आमच्या तलावावर तो बाईंच्या पिशवीतून आला. खडी फोडणाऱ्या बायांत दहा जणींत एक तरी पोटुशी असे. वर ऊन, हातात हातोडी, पोटाला दिवसाकाठी सरकारनं वाटलेली मूठभर सुकडी, घरात आधीची चार-पाच लेकरं. कुणी झाडपाला खायची, कुणी काडी घालून घ्यायची. बाई यायच्या आधीच्या महिन्यात एक जण तशीच, कामावरच्या बाभळीखाली रक्त जाऊन मेली होती. तिच्या नावापुढची पुढल्या दिवसाची गैरहजेरी मीच मांडली होती. बाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी हजेरीपट मागून घेतला आणि तिच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "बाईचं पोट बाईचं. त्याचा सातबारा कुणाच्या नावावर न्हाई." हे वाक्य त्यांनी पुढं इतक्या वेळा म्हटलं की तलावावरच्या म्हाताऱ्याही भांडणात ते वापरायला लागल्या.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात एक कारकून होते. प्रत्येक बाईला त्यांचा एकच प्रश्न, "नवऱ्याची सही कुठंय?" बाई पिशवीतून कायद्याची मळकी प्रत काढत आणि त्यांच्यापुढं ठेवून म्हणत, "कुठल्या कलमात लिवलंय ते बोट ठिवून दाखवा." कारकून कासावीस होत. "बाई, असं कुठं असतंय का?" "असंच असतंय. वाचून बघा, मला फिकीर न्हाई, मी सांजेपस्तोर बसते." आणि खरोखर बसत. बाया आत गेल्या की बाई वॉर्डाबाहेर फरशीवर बसून राहत, मांडीवर त्यांच्या वहाणा घेऊन. दवाखान्यात वहाणा चोरीला जात आणि परतीला अनवाणी यायची पाळी येई. एकदा तर सात जोड मांडीवर होते. मी म्हटलं, "बाई, लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "चांभारीण म्हणतील. त्यात काय बेइज्जती हाय?" मला त्या वेळी त्यांचा इतका अभिमान वाटला की मीही जाऊन शेजारी बसले आणि दोन जोड मांडीवर घेतले.

बाईंच्या हुशारीवर माझा एवढा विश्वास होता की त्यांच्या एका मोठ्या चुकीत मी उघड्या डोळ्यांनी सामील झाले. दवाखान्यात नेलेल्या प्रत्येक बाईची त्या एका वहीत नोंद ठेवत. कधी नेली, नंतर ताप आला का, पुन्हा कधी बघायचं. नाव लिहिलं तर उद्या कुणाच्याही हाती लागेल, म्हणून त्यांनी युक्ती काढली. नवऱ्याचं नाव नको, आडनाव नको. माहेर कुठलं ते विचारायचं आणि लिहायचं, उदगीरकरीण, किल्लारकरीण, देगलूरकरीण. शहरात वाढलेल्या बाईंना वाटलं, आता कुणाच्या बापाला कळणार नाही. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावानंच हाक मारतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सासूपासून दुकानदारापर्यंत सगळे तिला देगलूरकरीणच म्हणतात. तिचं पाळण्यातलं नाव खुद्द नवऱ्याला आठवावं लागतं. मला हे माहीत होतं. माझ्या आईला अख्खा वाडा निलंगेकरीण म्हणायचा. पण बाई आपल्या युक्तीवर खूश होत्या आणि मी अठरा वर्षांची. एवढ्या शिकलेल्या बाईला आपण काय शिकवावं, म्हणून मी तोंड शिवून बसले.

एका दुपारी वही कामावरच्या तंबूत राहिली. मुकादमानं ती चाळली आणि पाणी पिणाऱ्या गड्यांत मोठ्यानं वाचून दाखवली. देगलूरकरणीचा नवरा तिथंच बसला होता. त्याच संध्याकाळी त्यानं तिला अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरच्या वाटेला लावलं. पाच लेकरं इकडं, ती तिकडं. दुसऱ्या दिवशी बाई त्याच्या दारात जाऊन उन्हात उभ्या राहिल्या. तो बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, तुमचा कायदा नांदेडात ठिवा. हे माझं घर हाय." दोन वर्षं त्यानं तिला नांदवली नाही. त्या दिवशी त्याच्या दारातून परतताना मी रडत रडत बाईंना सांगितलं की गावात हीच नावं चालतात. त्या थांबल्या. "तुला मालूम व्हतं?" मी मान हलवली. "मग सांगायचं न्हाई का गं, पोरी?" रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांच्या वहीत नाव नाही, गाव नाही, एका बाईला फक्त एक उभी रेघ.

मग दुष्काळ सरला, माझं लग्न झालं, नोकरी लागली आणि काही वर्षांनी लातूरचा वेगळा जिल्हा झाला. माझी बदली नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत झाली. नवरा विष्णुपुरीला धरणाच्या कामावर, तो तिकडं, मी इकडं. कचेरीत खुर्च्या कमी आणि जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेले फॉर्म मात्र गठ्ठ्यांनी पडलेले. काही दिवस आम्ही त्यावरचं नाव खोडून हातानं लातूर लिहीत होतो, मग ते सगळेच रद्दीत निघाले. बाई तोवर लातुरात एका माडीवरच्या खोलीत राहायला आल्या होत्या. मी ते गठ्ठे रिक्षात घालून त्यांच्याकडे नेले. त्यांचा चेहरा असा खुलला की माहेरून लुगडं आलं असतं तरी खुलला नसता. "जिल्हा झाल्याचा फायदा माझ्याइतका कुणाला झाला न्हाई," म्हणाल्या. दर रविवारी मी जायची. कागद कापायचे, पत्रांना उत्तरं लिहायची, चहा प्यायचा. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले रविवार होते.

जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. अशाच एका रविवारी जिन्यात वहाणा वाजल्या आणि दारात एक थोराड बाई उभी राहिली. "वळखलं का, बाई? म्या देगलूरकरीण." बाई ताडकन उठल्या. तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "माफ केलंस का गं मला?" ती हसली. "लई जुनी गोष्ट झाली ती. आता घर माझ्या हुकमात हाय." तिच्यामागं एक सून उभी होती, डोक्यावरून पदर, विशीचीसुद्धा नसेल. मी पाणी आणायला उठले आणि ऐकू आलं ते सगळं मला अजून शब्दाशब्दानं आठवतं.

"सुनंला चौथा म्हैना हाय. चिठ्ठी पायजे."

"कशापायी?"

"पोरगी हाय पोटात. तपासून आनलं. आधीच्या दोन हायतच की."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. "पोरी, तुझी मर्जी काय हाय?"

सून सासूकडे बघायला लागली. देगलूरकरीण म्हणाली, "तिचीच मर्जी हाय. सही ती सोताच करती. सांग गं."

"करते की," सून म्हणाली. त्याहून एक शब्द जास्त बोलली नाही.

"बघा. तुमीच शिकिवलं व्हतं, नवऱ्याची सही लागत न्हाई, बाईची एकलीची पुरते. ते म्या ध्यानात ठिवलं."

ती कुचेष्टेनं बोलत नव्हती. शाळेतली जुनी विद्यार्थिनी पाठ केलेली कविता म्हणून दाखवते, तशा कौतुकानं बोलत होती. बाईंनी चिठ्ठी दिली नाही. तासभर समजावलं, हात जोडले. त्या दोघी निघून गेल्या आणि चिठ्ठीवाचून त्यांचं काही अडलंही नाही. आठ दिवसांत दुसरीकडे सगळं उरकल्याचं कळलं. बाई तीन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी गेले तर सुतळीची जुडी खुंटीला टांगलेली होती आणि बाई म्हणाल्या, "आता बंद. कुणालाच न्हाई."

कुणालाच नाही म्हणजे खरोखर कुणालाच नाही. पोरीचा गर्भ पाडणाऱ्यांच्या विरुद्ध त्या उभ्या राहिल्या असत्या तर मी त्यांच्या पुढं दोन पावलं चालले असते. पण बाईंना अर्ध्यावर थांबणं माहीत नव्हतं. दवाखान्यांसमोर बसून त्या येणाऱ्या प्रत्येक बाईला परत फिरा म्हणून विनवायला लागल्या. वर्तमानपत्रांत छापून आलं. चिठ्ठ्यांच्या कामातल्या जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, बाई फिरल्या. दुष्काळात ज्या सद्‌गृहस्थांनी बाईंना "पापीण" म्हणून आपापल्या गावात पाऊल ठेवू दिलं नव्हतं, त्यांनीच आता त्यांना मंचावर बसवून शाल पांघरवली. आणि बाईंनी ती घेतली. मी समोरच्या रांगेत होते, मला संताप आवरेना. घरी आल्यावर विचारलं, "त्यांची शाल कशाला घेतलीत?" म्हणाल्या, "थंडी व्हती." एवढं बोलून हसल्या, पण मला हसू आलं नाही.

पुढच्याच वर्षी माझी पाळी चुकली. धाकटं मूल दहा महिन्यांचं, अंगावर पीत होतं. थोरलीला दम्याचा त्रास. नवरा धरणावर, घरात तिसरं माणूस नाही, आणि अंगात रक्त इतकं कमी की जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. मुलगा की मुलगी हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मी बाईंकडे गेले.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "चिठ्ठी एकसारखीच असते, सुमन. तिच्यावर कारण कुठं दिसतंय?"

"मी सांगून राहिले ना तुम्हाला कारण."

"ती बी सांगत व्हती."

मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. तरी मी म्हटलं, "मला चिठ्ठी नको, बाई. दवाखाने आता पैशाला पासरी झालेत. तुम्ही फक्त सोबत चला. बाहेर बसा."

"न्हाई," त्या म्हणाल्या आणि कात्री उचलून कागद कापायला लागल्या. चिठ्ठ्या द्यायच्या नव्हत्या, तरी कापत होत्या. जिना उतरताना मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही, हे मी पुढं बऱ्याच जणांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं आहे.

नवऱ्यानं दोन दिवसांची रजा काढली आणि नांदेडच्या एका दवाखान्यात ते झालं. मला त्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला नाही, आजही नाही. मुलं वाढली, मी उभी राहिले. पण आत जाताना माझ्या वहाणा मी बाकाखाली सारल्या, तेव्हा सात जोड मांडीवर घेऊन बसलेल्या बाई आठवल्या. त्यानंतर सतरा वर्षं मी बाईंचं तोंड पाहिलं नाही. लातूर एवढंसं गाव. भाजीबाजारात त्या दिसल्या की मी गल्ली बदलायची. रविवार आला की मात्र घरात उगाच भांडणं काढायची. नवरा म्हणायचा, जाऊन ये एकदा. मी म्हणायची, त्यांना गरज असेल तर त्या येतील.

शेवटी निरोप आला तो नांदेडहून, त्यांच्या भाच्याकडून. बाईंची एक बाजू लुळी पडली होती. मी गेले. खाटेवर एवढीशी मूठभर बाई. पायाशी पत्र्याची पेटी. बोलणं जड झालं होतं, पण ओळखू आलं. "घेऊन जा. सगळं तुझ्याकडंच राहू दे," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "वाच. आन् मी कुठं चुकले ते सांग. त्या येळी तुला मालूम व्हतं, तू बोलली न्हाईस. आता तरी बोल."

मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. खोटं बोलले असते तरी चाललं असतं. पण सतरा वर्षांचा राग काय एका दुपारी उतरतो? मी कोरडेपणानं म्हटलं, "बघते वाचून." त्यांनी बरा असलेला हात माझ्या हातावर ठेवला. मी एसटीची वेळ झाली म्हणून उठले.

पेटी मी घरी आणली आणि पलंगाखाली सारली. भाच्याचे दोन फोन आले, "बाई विचारून राहिल्यात, वाचून झालं का?" दोन्ही वेळा मी म्हटलं, वाचतेय. आठ महिने मी कडीला हात लावला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांना थोडं थांबवायचं होतं. मीही थांबलेच होते की. तिसरा फोन आला तो त्या गेल्याचा.

महिना गेला नसेल तोच लोक यायला लागले. शाल पांघरवणाऱ्यांकडचे दोघं आले. बाईंनी शेवटी आमचाच मार्ग पत्करला, तेव्हा त्यांचे कागद आमच्याकडे हवेत, म्हणाले. जुन्या मैत्रिणींपैकी एक आली. दुष्काळातल्या वह्या तिला हव्या होत्या. बाई मुळात आपल्याच होत्या हे तिला दाखवायचं होतं. दोघांनाही मी चहा पाजला आणि दोघांनाही वाटेला लावलं. त्या वहीतल्या किल्लारकरणी, उदगीरकरणी अजून जिवंत आहेत, नातवंडं खेळवतात. मुकादमाच्या तोंडून एकदा ती वही वाचून झाली, तेवढी पुरे.

ते गेल्यावर मी पेटी उघडली. त्यात सभांची भाषणं होती, दोन्ही बाजूंची, एकाच सुतळीत ओवलेली. एक म्हणते कायदा वाचा, दुसरी म्हणते कायदा फेका. कुठलंही फाडलेलं नव्हतं, लपवलेलं नव्हतं. मी मात्र अधाशासारखी माझं नाव शोधत होते. तिसऱ्या दिवशी सापडलं. तारखेवरून तो कुठला दिवस ते कळलं. बाईंचं अक्षर, नेहमीपेक्षा घाईचं:

"सुमन आली होती. तिचं खरं होतं. मला तिच्यामागं देगलूरकरीण दिसत होती. तिला परत पाठवलं."

आणि त्याच्याखाली, चार दिवसांनंतरचं:

"तिच्या ऑफिसात विचारलं. रजेवर आहे, नांदेडला गेली म्हणाले. सकाळच्या गाडीने गेले. तिसऱ्या दवाखान्यात सापडली. बाहेर बसून राहिले. दुपारी नवऱ्याचा हात धरून बाहेर आली तेव्हा खांबाआड झाले. पाय टाकत होती. चेहरा पांढरा, पण चालत होती. गाडीत बसेपर्यंत पाहिलं."

तो कागद हातात धरून मी किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. नवऱ्यानं येऊन दिवा लावला तेव्हा कळलं की दिवस मावळला आहे. मी त्याला वाचून दाखवलं. तो चुलीपाशी वळून उभा राहिला आणि चहाचं आधण ठेवायला लागला.

बाई, आता वाचून झालं आहे. दुष्काळात तुम्ही बरोबर होतात. त्या पोरीला चिठ्ठी नाकारलीत, तेव्हाही बरोबर होतात. सगळ्या बायांना एका मापानं मोजलंत ते मला पटलं नाही आणि मरेपर्यंत पटायचं नाही; पण त्यावर आपण भांडलो असतो, रविवारी, चहा पीत, वर्षानुवर्षं भांडलो असतो. तुम्ही चूक विचारली होतीत. ती ही. एवढ्या दूर आलात, तीन दवाखाने पालथे घातलेत, आणि खांबाआड उभ्या राहिलात. मी चार पावलांवर होते. एक हाक मारायची होती.